थेरिझिनोसॉरसच्या तोंडात काय देऊ?

शाडूवाला

नमस्कार मंडळी. मी पेणचा. घरात तीन पिढ्या गणपतीचं काम. हंगाम संपला की बाहेरची कामं घेतो. यंदा एका शाळेने मैदानाच्या कडेला चार डायनोसॉर उभे करायला सांगितलेत. तीन झाले. चौथा मी स्वतः सुचवला, थेरिझिनोसॉरस, आणि आता त्याच्याच पायाशी अडकून बसलोय.

टी-रेक्सच्या तोंडात काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता, जबडा उघडा ठेवला की झालं. हा प्राणी मात्र थेरोपॉड, म्हणजे टी-रेक्सच्याच खानदानातला, दोन पायांवर चालणारा, हाताला अर्ध्या मीटरहून लांब नख्या, आणि जिकडे वाचावं तिकडे लिहिलंय की हा झाडपाला खायचा. शाळेच्या बाईंनी पाटीसाठी मजकूर मागितलाय, त्यात एक रकाना 'आहार'. 'वनस्पती' एवढं लिहून पाटी होईल. मूर्ती नाही होणार. फांदी करायची तर कुठल्या झाडाची? मान वर की खाली? नख्या फांदीत अडकवू की मातीत रुतवू?

सळया वाकवून, जाळी बांधून झालीय. निम्मा आकार धरलाय. खऱ्याचा हात सुमारे २.४ मीटर, माझा १.२. सिमेंट लावेपर्यंत मनगट फिरवता येतं, नंतर नाही. पुढच्या रविवारपर्यंत सांगा.

चिंचोका

नख्यांचा फोटो पाहिला आणि आजोबांचा विळा आठवला. पाती अगदी तशीच, चपटी. भात कापायला ठेवा की हो त्याला. :)

लाव्हाथर

चिंचोका, तुम्ही गमतीत बोललात पण नावाचा अर्थ तोच आहे. ग्रीकमध्ये 'थेरिझो' म्हणजे कापणी करणे. कापणी करणारा सरडा.

शाडूवाला, मी नागपूरला भूशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. १९४८ साली सोव्हिएत-मंगोलियन मोहिमेला गोबी वाळवंटात नेमेग्ट खोऱ्यात या नख्या सापडल्या. १९५४ साली मालेयेव्ह यांनी नाव दिलं 'थेरिझिनोसॉरस केलोनिफॉर्मिस'. केलोनिफॉर्मिस म्हणजे कासवासारखा. त्यांना वाटलं हे अवाढव्य कासव आहे आणि नख्यांनी पाण्यातल्या वनस्पती कापतं. पुढे १९७० साली रोझ्देस्त्वेन्स्की यांनी दाखवलं की हा थेरोपॉड आहे. म्हणजे प्राणी ओळखायच्या आधीच त्याच्या खाण्यावर चर्चा सुरू झाली होती, आणि ती वनस्पतींपासूनच.

तुम्हाला मूर्तीसाठी महत्त्वाची गोष्ट ही, की थेरिझिनोसॉरसचं डोकं आजवर मिळालेलं नाही. हात, नख्या आणि मागच्या पायाची काही हाडं एवढंच हातात आहे. चित्रांत दिसतं ते डोकं त्याच्या भावंडांचं. मुख्यतः एर्लिकोसॉरसचं, कारण त्याची कवटी चांगली टिकलीय, मंगोलियातलीच. ती जेमतेम २५ सेंटीमीटरची. तोंडाच्या पुढच्या भागात वर दात नाहीत, तिथे चोच होती. मागे बारीक, पानाच्या आकाराचे, कडेला खरबरीत दात. मांस कापायला लागतात तसे सुरीसारखे वाकडे दात नाहीतच.

तेव्हा जबडा उघडून दात दाखवायचा मोह टाळा. चोच मिटलेली ठेवा.

कडूकारले

प्रामाणिक शंका. डोकं नाही, पोटातलं अन्न नाही. हातात काय, तर नख्या. आणि नख्या बघून कुणीही म्हणेल की हा फाडून खाणारा आहे. मग 'शाकाहारी' इतक्या ठामपणे कसं म्हणता? भावंडांवरून? माझा सख्खा भाऊ मासे खातो, मी खात नाही.

गोठ्यावरचा

@कडूकारले, शंका रास्त आहे. मी गुरांचा डॉक्टर, सातारा जिल्हा. डायनोसॉर तपासलेला नाही, पण कुठलंही जनावर काय खातं हे मी नखांवरून बघत नाही. तोंड बघतो, पोट बघतो आणि शेण बघतो.

यांचं पोट कसं होतं याचा हाडांत पुरावा आहे असं वाचलंय. कमरेचं जे हाड, जघनास्थी, इतर थेरोपॉडमध्ये पुढे झुकलेलं असतं ते यांच्यात मागे वळलेलं आहे. कंबर रुंद. हाड मागे गेलं की पुढे जागा होते. कशाला? आतड्याला. मांस खाणाऱ्याचं आतडं आखूड चालतं, कारण मांस लवकर पचतं. पाला पचवायचा तर तो आंबवावा लागतो, जंतूंकडून काम करून घ्यावं लागतं, आणि त्याला लागतो वेळ आणि मोठं भांडं. गाईचं कोठीपोट दीडशे लिटरच्या आसपास असतं. पहिल्यांदा शवविच्छेदन करताना ते समोर ओतलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो, एवढा ऐवज एका जनावरात मावतो यावर विश्वास बसेना.

हा प्राणी रवंथ करत नव्हता. दात बारीक, चावायला दाढा नाहीत. म्हणजे ओरबाडायचं, गिळायचं आणि पोटावर सोडायचं. घोडा, हत्ती यांच्यासारखं मागच्या आतड्यात आंबवण होत असणार. हत्ती खाल्लेल्यातलं निम्म्याहूनही कमी पचवतो, म्हणून दिवसभर खात राहतो.

मूर्तीला पोट मोठं द्या. लाजू नका. बैठं, जड, खालच्या बाजूला ओथंबलेलं पोट. गाभण म्हशीसारखं.

शाडूवाला

डॉक्टर, हे कामाचं बोललात. मी त्याला पळणाऱ्या शहामृगाची कंबर दिलीय. जाळी कापावी लागेल. कापतो.

लाव्हाथर

डॉक्टरांच्या म्हणण्याला पुस्ती. @कडूकारले, भावंडांवरून का म्हणतो ते सांगते, कारण भावंडं एकदोन नाहीत, अख्खी वंशावळ आहे आणि तिच्यात बदल पायरीपायरीने दिसतो.

अमेरिकेत युटामध्ये फाल्कॅरियस मिळाला, २००५ साली नाव दिलं. जेम्स कर्कलंड आणि सहकारी. एका जागी ढीगभर हाडं, लहानमोठ्या अनेक प्राण्यांची. हा या घराण्यातला फार जुना सदस्य, सुमारे चार मीटर लांब, हलका, लांब पायांचा. त्याची जघनास्थी अजून मागे वळलेली नाही. कंबर मात्र रुंदावायला लागलीय आणि दात आधीच पानासारखे झालेत. म्हणजे आधी तोंड बदललं, पोट मागून आलं. मला ही गोष्ट फार आवडते. खाणं बदललं की पहिला फरक तोंडात पडतो, मग सगळं शरीर त्यामागे फरफटत जातं.

नंतरच्या सेग्नोसॉरस, एर्लिकोसॉरस यांच्यात कंबर रुंद, जघनास्थी मागे, पायाला जमिनीवर टेकणारी चार बोटं, चाल जड. थेरिझिनोसॉरस या रांगेत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मोठा, नऊ-दहा मीटर. रांगेतला प्रत्येक जण पाला खाण्याकडे सरकत असताना शेवटच्याने उडी मारून मांसाकडे परत जायला काहीतरी मोठं कारण लागेल.

कडूकारले

हे पटलं. पण सगळ्यात मोठी चूक कुठे होऊ शकते ते मीही वाचून आलोय. त्याच नेमेग्टमध्ये डायनोकायरस. १९६५ साली झोफिया किएलन-याव्होरोव्स्का यांच्या पोलिश-मंगोलियन मोहिमेत फक्त दोन हात मिळाले, तेही २.४ मीटरचे. जवळजवळ पन्नास वर्षं लोक त्या हातांवरून भयंकर प्राणी रंगवत होते. २०१४ साली बाकीच्या सांगाड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तर निघाला पाठीवर उंचवटा आणि बदकासारखं रुंद तोंड असलेला संथ प्राणी. पोटाच्या जागी १,४०० हून जास्त गुळगुळीत दगड, अन्न भरडायला गिळलेले. आणि त्या दगडांत माशांचे मणके नि खवले!

पाला खाणाऱ्याच्या पोटात मासा. म्हणून म्हणतो, 'फक्त वनस्पती' असं पाटीवर कोरू नका.

चिंचोका

म्हणजे डायनोकायरस कोकणी होता. भाजी-भाकरी जेवायची, पण बाजारचा दिवस असेल तर सुरमई सोडायची नाही. :D

शाडूवाला

चिंचोका, आमच्या पेणकडे बोंबील. पण मुद्दा कळला.

मेळघाटवारा

कडूकारले यांना अनुमोदन, दुसऱ्या बाजूने. माझी वनखात्यात चोवीस वर्षं गेली, बहुतेक मेळघाटात. अस्वलाच्या नख्या बघितल्यात का कुणी जवळून? बोटापेक्षा लांब, पांढुरक्या, किंचित वाकड्या. वाघाच्या नख्यांपेक्षा त्या मोठ्या दिसतात. अस्वल त्यांनी वारूळ फोडतं, तोंड लावून वाळवी ओढून घेतं, आवाज लांबून ऐकू येतो. आता कुणी फक्त नख्या बघून 'वाळवी खाणारा प्राणी' असं लिहिलं तर ते अर्धंच खरं. उन्हाळ्यात तेच अस्वल पहाटे मोहाखाली पडलेली फुलं खाताना दिसतं. बोरं, जांभळं, टेंभुर्णीची फळं, मध. विष्ठेत बिया भरभरून असतात. आम्ही तेच गोळा करून वाळवून निवडायचो, तेव्हा कळायचं कुठल्या महिन्यात काय चाललंय.

म्हणून शेण मिळालं का कुणाला या नख्यावाल्याचं? डॉक्टर म्हणतात तसं.

(मोबाईलवरून टंकतोय, चुकीबद्दल क्षमस्व.)

लाव्हाथर

मेळघाटवारा, वाळवीची कल्पना खरंच मांडली गेली होती, एवढ्या नख्या वारूळ फोडायला असतील म्हणून. पण २०१४ साली स्टेफान लाउटेनश्लागर यांनी संगणकावर या घराण्याच्या वेगवेगळ्या नख्यांवर जोर देऊन पाहिला. थेरिझिनोसॉरसची लांब, सरळ नखी उकरायला नेली तर तिच्यावर फार ताण येतो. ओढायला, आकड्यासारखी अडकवायला ती बरी. म्हणजे माती नको, फांदी.

इथे एक काडी टाकते. २०२३ साली ब्रिस्टल विद्यापीठ आणि चीनमधल्या संशोधकांनी मिळून पुन्हा मोजमाप केलं. त्यांच्या मते थेरिझिनोसॉरसच्या नख्या इतक्या लांबल्या होत्या की जोराच्या कुठल्याच कामाला त्या धड नव्हत्या, बहुधा मिरवायला असाव्यात. मोराच्या पिसाऱ्यासारख्या. लहान भावंडांच्या नख्या मात्र ओढायला चांगल्या.

शेणाबद्दल उद्या लिहिते. ते आपल्या महाराष्ट्राचं प्रकरण आहे, घाईत नको.

शाडूवाला

मिरवायला? मग हातांचं मी काय करू? एक अभ्यास म्हणतो ओढायला, दुसरा म्हणतो दाखवायला.

रानजाई

शाडूवाला, यात भांडण कशाला? सांबराची शिंगं मिरवायलाही असतात आणि त्यांनी तो झाडाची सालही घासतो. फांदी हलकेच आपल्याकडे वळवायला जोर कशाला लागतो? आमच्याकडे शेळ्यांना बाभळीच्या शेंगा पाडायला लांब काठीला लोखंडी आकडा बांधतात. फांदी तोडायची नसते, फक्त खाली वाकवायची. शेळी पुढचं बघते. आकडा धरणारी आमची आजी ऐंशीची होती, जोर कुठला.

शाडूवाला

रानजाई, आजीच्या आकड्यावर माझं अडलेलं मनगट फिरलं. खरंच. मी फांदी तोडतानाची ताणलेली पोझ धरली होती. आता फांदी वाकवतानाची करतो, सैल.

सॉल्टलेककर

धागा उशिरा दिसला. मी युटामध्ये राहतो, फाल्कॅरियसच्या गावाला म्हणा ना. इथला आणखी एक भाऊबंद सांगतो, नोथ्रोनिकस. नावाचा अर्थ 'स्लॉथ' या संथ प्राण्यासारखी नखी. २००१ साली न्यू मेक्सिकोतल्या हाडांवरून नाव पडलं, मग दक्षिण युटात त्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, २००९ साली त्या जातीला नाव मिळालं. मजा अशी की तो सापडला समुद्राच्या तळाच्या चिखलात, किनाऱ्यापासून खूप आत. पाला खाणारा जड प्राणी समुद्रात कसा? मेल्यावर फुगून वाहत गेला असणार. पोट मोठं, वायू भरपूर, तरंगायला सोपं. डॉक्टर, हे शक्य आहे ना?

गोठ्यावरचा

शक्य आहे. महापुरात गुरं वाहून गेली की तीनचार दिवसांनी फुगून वर येतात आणि कुठल्या कुठे लागतात. कृष्णेच्या पुरात हे बघितलंय, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

आंबवणाऱ्या पोटाचं जनावर लवकर फुगतं एवढं खरं.

लाव्हाथर

आता शेण.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळते. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिथून नमुने गोळा केले होते, आणि १९३९ साली मॅटली यांनी त्या विष्ठेवर स्वतंत्र लेखन केलं. विद्यार्थ्यांना घेऊन मी गेलेय. पावसाळ्यानंतर शेतात नांगरट झाली की तांबूस मातीत बटाट्याएवढे गोळे वर येतात. एका बाजूला निमुळते, अंगावर वळ्या. हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड. (कृपया कुणी जाऊन उचलून आणू नका. जागेवरून हलवलेला नमुना अभ्यासाला निम्मा मेलेला असतो.)

२००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी या विष्ठेतले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका कण तपासले. पानाच्या पेशीत वाळूसारखा जो सिलिका साठतो त्याचे हे साचे, पान कुजलं तरी टिकतात आणि आकारावरून वनस्पती ओळखता येते. त्यात निघालं गवत! निदान पाच प्रकारचं. तोवर सगळे धरून चालले होते की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. २०११ साली पुढच्या अभ्यासात त्यातलं काही भाताच्या कुळाच्या जवळचं निघालं. शिवाय ताड-माड वर्ग, सूचिपर्णी, इतर फुलझाडं यांचेही कण होते. ही विष्ठा लांब मानेच्या चारपायी टायटॅनोसॉरांची मानतात.

नेमेग्ट आणि पिसदुरा साधारण एकाच कालखंडातले, क्रिटेशसची अखेर, सात कोटी वर्षांच्या आसपास. पण तेव्हा भारत म्हणजे समुद्रातलं बेट होतं, उत्तरेकडे सरकत होतं. मंगोलियाशी जमिनीने संबंध नव्हता. म्हणून पिसदुऱ्याचं ताट उचलून थेरिझिनोसॉरससमोर ठेवता येणार नाही. पण असा पुरावा कसा दिसतो ते यावरून कळतं. नख्यावाल्याची अशी विष्ठा त्याच्या नावासकट मिळाली तर हा धागा एका ओळीत संपेल.

चिंचोका

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात भात कापायला लावला ते अगदीच काही हे नव्हतं! फक्त देश चुकला.

गोठ्यावरचा

लाव्हाथर ताई, वाचून अंगावर काटा आला. आम्हीही तेच करतो हो. गाय दूध कमी देतेय, पचन बरोबर नाही अशी तक्रार आली की मूठभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुतो. खाली उरतं ते बघतो. आख्खे दाणे उरले तर भरड नीट झालेली नाही. लांब लांब काड्या उरल्या तर रवंथ कमी पडतेय. घोड्याची लीद धुतली तर काड्या गाईपेक्षा लांब निघतात, कारण तो रवंथ करत नाही. शेतकरी आधी तोंड वाकडं करतात, नंतर स्वतः चाळणी मागतात.

तुम्ही सात कोटी वर्षांपूर्वीचं शेण धुताय.

द्राक्षबाग

निफाडचा आहे, एरवी वाचनमात्र. पिसदुऱ्यावरून आठवलं. त्याच विष्ठेत बुरशी सापडल्याचं मी कुठेतरी वाचलं होतं, खरंय का?

लाव्हाथर

खरं आहे. लखनौच्या संशोधकांनी २००४-०५ च्या सुमारास ते प्रसिद्ध केलं. पानांवर रोग करणाऱ्या बुरश्यांसारखे अवशेष, त्यात कोलेटोट्रायकम, एरिसिफे, अनसिन्युला यांच्याशी जुळणारे. या बुरश्या पानांवर वाढतात, म्हणून त्यांनी अनुमान काढलं की तो प्राणी झाडांचा पाला खात होता.

द्राक्षबाग

अनसिन्युला म्हणजे आमची भुरी! आणि कोलेटोट्रायकम म्हणजे करपा. ऑक्टोबर छाटणीनंतर रात्र रात्र झोप नसते यांच्यापायी. पानाच्या पाठीवर राखेसारखी पूड दिसली की पोटात गोळा येतो. आणि हे रोग डायनोसॉरच्या घासात होते? मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग आपल्या एका फवारणीने काय जाणार ते.

आज बागेत जाताना पानाकडे वेगळ्याच नजरेने बघितलं.

रानजाई

द्राक्षबाग, किती छान लिहिलंत! लिहीत जा.

कडूकारले

अवांतर थोडं. दात नसलेल्या थेरोपॉडवरून लिमूसॉरस आठवला. चीनमधला, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, छोटासाच. पिल्लाच्या तोंडात ४२ दात, मोठा झाला की एकही नाही, नुसती चोच. वेगवेगळ्या वयाचे १९ नमुने मिळाले म्हणून हे कळलं. मोठ्यांच्या पोटाशी दगड. म्हणजे लहानपणी किडामुंगी धरून सगळं, मोठेपणी पाला, असं दिसतंय. 'या प्राण्याचा आहार काय' असं विचारताना वय विचारायला हवं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गोठ्यावरचा

वासराचं असंच. जन्मतः कोठीपोट नावापुरतं, दूध थेट चौथ्या कप्प्यात. चारा खायला लागलं की कोठीपोट वाढतं.

सॉल्टलेककर

रच्याकने, मग थेरोपॉड नक्की कोण हाही वाद आहेच. चिलेसॉरस बघा. चिलेच्या दक्षिणेत २००४ साली सात वर्षांच्या दिएगो सुआरेस या मुलाला आईवडिलांबरोबर डोंगरात फिरताना हाडं मिळाली, दोघेही भूशास्त्रज्ञ. २०१५ साली पाला खाणारा थेरोपॉड म्हणून जाहीर झाला, मुलाचं नावही जातीला मिळालं. २०१७ साली दुसऱ्यांनी म्हटलं हा थेरोपॉड नाहीच, पाला खाणाऱ्या दुसऱ्या मोठ्या शाखेतला आहे. वाद चालू आहे.

शाळेच्या पाटीवर या मुलाची गोष्ट नक्की टाका. सात वर्षांची मुलंच ती पाटी वाचणार.

मेळघाटवारा

परत मूळ प्रश्नाकडे. शाडूवाल्यांचा रविवार उद्यावर आलाय. झाड कुठलं ते कुणीच सांगितलं नाही.

लाव्हाथर

अरे हो! नेमेग्टच्या थरांत नद्यांची पात्रं, पूरमैदानं, तळी यांच्या खुणा आहेत. आजचं वाळवंट तेव्हा ओलं होतं. अश्मीभूत लाकूड मिळतं ते अरॉकेरिया कुळातलं. आपल्याकडे रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत विकतात ना, फांद्यांचे मजले मजले असलेलं, ते अरॉकेरियाच. एक कुंडी आणा आणि बघून फांदी करा. त्याच फांदीचा तुकडा पोटात होता असं म्हणता येणार नाही, पण त्या झाडांच्या सावलीत तो हिंडत होता.

आणि खाली हिरवळ नको. शाळेचं मैदान असलं तरी पायाशी माती, चिखल, नेचे ठेवा.

अजून एक. एर्लिकोसॉरसच्या कवटीचं स्कॅन करून मेंदूची पोकळी पाहिली तेव्हा वास घेण्याचा आणि ऐकण्याचा भाग चांगला वाढलेला दिसला. फांदी तोंडात कोंबण्यापेक्षा चोच पानाजवळ, हुंगत असल्यासारखी ठेवली तर?

रानजाई

शेळी अगदी तेच करते. आधी हुंगते, मग ओठाने चाचपते, मग शेंड्याचं कोवळं तेवढं घेते.

आणि पिसं? त्याच्या अंगावर पिसं होती म्हणतात ना?

लाव्हाथर

भावंडांपैकी बैपियाओसॉरसच्या अंगावर मिळालीत, १९९९ साली प्रसिद्ध झालं. थेरिझिनोसॉरसची कातडी मिळालेली नाही. मानेवर, दंडावर थोडी केसासारखी दिलीत तर चूक म्हणता येणार नाही.

नख्यांवर शिंगासारखं आवरण मात्र जरूर चढवा. २०२५ साली मंगोलियातूनच ड्युओनिकस जाहीर झाला, या घराण्यातला दोनच बोटांचा, आणि त्याच्या एका नखीवर ते आवरण टिकून होतं. ५२ सेंटीमीटर हे नुसत्या हाडाचं माप आहे, वरून आवरण आलं की नखी आणखी लांब. तुमच्या निम्म्या आकारात हाड २६, त्यावर टोकाकडे निमुळतं वाढवा.

शाडूवाला

मंडळी, काम झालं. काल रात्री शेवटचा हात मारला म्हणून आज लिहितोय.

कंबर कापून रुंद केली. पोट डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, हंडा पालथा घालावा तसं. रोपवाटिकेतून अरॉकेरियाची कुंडी आणली, साडेतीनशे रुपये घेतले. मी प्लास्टिकची पानं लावणार होतो, पण झाड समोर आल्यावर तारेला काथ्या गुंडाळून एकेक डहाळी हाताने केली, चार दिवस गेले. डावा हात खाली सैल. उजव्या हाताची मधली नखी फांदीच्या पाठीमागून अडकवलीय, फांदी वाकलीय पण मोडलेली नाही. चोच मिटलेली, पानांपासून चार बोटांवर. नाकपुड्या जरा फुगवल्यात. पाठीवर, मानेवर काथ्याचीच विरळ पिसं.

तोंडात काहीच दिलं नाही.

पाटीवर आहाराच्या रकान्यात बाईंना हे लिहून दिलं: 'मुख्यतः झाडपाला असावा. दात, चोच आणि रुंद कंबर यांवरून अनुमान. डोकं आणि पोटातलं अन्न अजून सापडलेलं नाही.' बाई म्हणाल्या, मुलांना 'सापडलेलं नाही' कशाला सांगायचं? मी त्यांना चिलेच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती खाली वेगळ्या चौकटीत घ्यायला लावली.

पायाशी माती, नेचे आणि मागे एक शेणाचा पो. तो सगळ्यात आधी वाळला.

गोठ्यावरचा

फोटो टाका. पो जवळून घ्या, काड्या लांब ठेवल्यात का ते बघायचंय.

शाडूवाला

लांबच ठेवल्यात डॉक्टर. रवंथ करत नव्हता ना.